मोटुल आरबीएफ ६०० ब्रेक ऑइल : पेडलच्या तीन तक्रारींपैकी एकीवरचा इलाज

ब्रेकचे पेडल मऊ लागते अशी तक्रार घेऊन ट्रॅकवरून परतणारा माणूस पहिली खरेदी बहुधा ब्रेक ऑइलची करतो, आणि मीही तेच केले. मोटुलच्या आरबीएफ ६०० या ऑइलच्या अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या मी गेल्या हिवाळ्यात घेतल्या. दोन ट्रॅक-डे (रेसच्या ट्रॅकवर आपलीच गाडी वेगाने चालवण्याचे दिवस), एक उन्हाळा आणि एक पावसाळा पार पडल्यावर आता त्यांच्याविषयी लिहीत आहे. ऑइल उत्तम आहे हे आधीच सांगून टाकतो. परंतु माझ्या गाडीच्या पेडलमध्ये एकाच वेळी तीन दोष होते आणि या बाटल्यांनी त्यांतला एकच गेला, त्यामुळे हे परीक्षण जितके ऑइलचे आहे तितकेच उरलेले दोन दोष कसे सापडले त्याचेही आहे.

गाडी २०२० ची पोलो १.० टीएसआय, हाताने गिअर बदलण्याची. तिचा जन्म चाकणचा, मीही मूळचा पुण्याचा, आणि नोकरीमुळे आम्ही दोघेही नोएडात येऊन पडलो आहोत. त्याचा एक फायदा असा की बुद्ध इंटरनॅशनल सर्किट घराजवळ आहे. पुण्यातल्या माझ्या मित्रांना त्यासाठी कोइमतूर किंवा चेन्नई गाठावे लागते. ५.१२५ किलोमीटरच्या या ट्रॅकवर तिसऱ्या आणि चौथ्या वळणांच्या मध्ये एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा आहे, आणि त्याच्या टोकाला जो ब्रेक मारावा लागतो तो शहरात वर्षभर गाडी चालवूनही कधी मारला जात नाही.

हिशेब करून पाहावा. चालकासह सुमारे साडेअकराशे किलोची गाडी ताशी १७० किलोमीटरवरून ८० वर आणायची, तर जवळजवळ दहा लाख जूल ऊर्जेची उष्णता होते. साध्या पाण्याचे तीन लिटरचे पातेले उकळीला आणायला लागते तेवढी ही उष्णता चारएक सेकंदांत निर्माण होते, आणि तिचा मोठा वाटा पुढच्या दोन डिस्कना, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकड्यांना, सोसावा लागतो. दोन-अडीच मिनिटांनी पुन्हा तेच. वाटेतली इतर वळणे वेगळीच.

पहिल्या खेपेस चौथ्या फेरीत, त्याच वळणाआधी, पेडल नेहमीच्या जागेपेक्षा खूप खाली गेले. मी घाईने दोनदा पाय मारला, तेव्हा गाडी कशीबशी आवरली. उरलेली फेरी सावकाश काढून पिटमध्ये आलो, आणि पाच मिनिटांनी पुन्हा दाबून पाहिले तर पेडल आणखी मऊ झालेले होते. हे नवख्याला चक्रावून टाकते, पण त्याचे कारण सरळ आहे: गाडी उभी राहिली की चाकांवरून जाणारा वारा थांबतो आणि डिस्क आणि तिच्यावर घासून गाडी थांबवणारे पॅड यांच्यातली उष्णता पॅडला ढकलणाऱ्या पिस्टनवाटे मागच्या ऑइलमध्ये शिरत राहते. तासाभराने सगळे थंड झाल्यावर पेडल बरेचसे परत आले.

इथे एक फरक नीट ध्यानात घ्यायला हवा, कारण पुढचा सगळा खर्च त्यावर ठरतो. पेडल दगडासारखे घट्ट आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅड त्यांच्या सोसण्यापलीकडे तापलेले असतात, आणि त्यावर कोणतेही ऑइल चालत नाही. वेगळे पॅड लागतात. पेडलच खाली जाते, तर ऑइलमध्ये वाफ झालेली असते, कारण द्रव दाबला जात नाही आणि वाफ दाबली जाते. माझी तक्रार दुसऱ्या प्रकारची होती. शिवाय गाडीतले डॉट ४ ऑइल अडीच वर्षांचे होते, आणि ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते हे ठाऊक असूनही मी ते बदलण्याचा कंटाळा केला होता.

बाटलीवर छापलेले आकडे बोलके आहेत. डॉट ४ या प्रमाणकानुसार नव्या, कोरड्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो आणि ओलावा शोषलेल्या ऑइलचा किमान १५५. आरबीएफ ६०० साठी हेच आकडे ३१२ आणि २०५ आहेत. म्हणजे ओलावा शोषलेले आरबीएफ जवळजवळ तिथे येऊन थांबते जिथून साधे ऑइल नवे असताना सुरुवात करते. त्याच कंपनीचे आरबीएफ ६६० कोरडे असताना ३२५ अंशांपर्यंत तग धरते, पण ओल्या अवस्थेत २०४ वरच येते. वर्षातून दोन-तीनदा ट्रॅकवर जाणाऱ्याच्या गाडीत ऑइल बहुतेक काळ या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असते, त्यामुळे जास्त पैसे त्या तेरा अंशांवर घालवावेत असे मला वाटले नाही.

आरबीएफ ग्लायकॉल जातीचे असल्यामुळे जुन्या डॉट ४ मध्ये मिसळले तरी बिघडत नाही, फक्त सिलिकॉनच्या डॉट ५ शी त्याचा संबंध येऊ देता कामा नये. मास्टर सिलिंडरपासून (पेडलचा दाब ऑइलला देणाऱ्या पंपापासून) सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करून, एकाने पेडल दाबायचे आणि दुसऱ्याने निपल सोडायचा, या जुन्या पद्धतीने चारही चाकांचे जुने ऑइल काढले. प्रत्येक चाकामागे सव्वादोनशे ते अडीचशे मिलिलिटर गेले. सुरुवातीला नळीतून जे उतरले ते कोऱ्या चहाच्या रंगाचे होते, आणि चौथ्या चाकापर्यंत ते फिकट पिवळे झाले. बोनेटखालच्या रंगावर थेंब पडला तर लगेच पाण्याने धुवावा, नाहीतर रंग सुटतो. माझ्या गाडीच्या मडगार्डच्या आतल्या कडेला तसा एक डाग आता कायमचा आहे.

दुसऱ्या ट्रॅक-डेला सहा फेऱ्या सलग मारल्या आणि पेडल एकदाही पाताळात गेले नाही. ज्या कामासाठी हे ऑइल विकले जाते ते काम त्याने चोख केले. पण पेडल चांगले झाले का? नाही झाले. पहिली दोन बोटे चाल मोकळी, त्यानंतर थोडा भाग लोण्यासारखा, आणि मग कुठे खरी पकड. हे थंड गाडीतही, घराच्या दारातही जाणवत होते. ज्या गॅरेजमध्ये गाडी नेहमी जाते तिथल्या मेकॅनिकने एक चक्कर मारून, सगळे व्यवस्थित आहे, या गाड्यांचे पेडल असेच असते, असा निर्वाळा दिला. ट्रॅकवरच्या एका मित्राने चाकांकडे ऑइल नेणाऱ्या रबरी नळ्यांऐवजी स्टीलच्या जाळीचे नळे टाकायला सांगितले. मी दोघांचेही ऐकले नाही, कारण पाच वर्षांपूर्वी याच गाडीचे पेडल असे नव्हते आणि तेव्हाही नळे रबराचेच होते.

त्यानंतर एक रविवार पूर्ण दिला. प्रथम इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाचदा मारून बूस्टरमधली (पायाच्या दाबाला जोर देणाऱ्या डब्यातली) निर्वात पोकळी संपवली, पाय दाबून धरला आणि इंजिन चालू केले. पेडल किंचित खाली सरकले, म्हणजे बूस्टर ठीक होता. मग मिनिटभर एकसारखा दाब देऊन बसलो. पेडल हळूहळू बुडत गेले असते तर मास्टर सिलिंडरच्या आतल्या वॉशरांतून ऑइल मागे निसटते आहे किंवा बाहेर कुठेतरी गळते आहे असे म्हटले असते, पण ते जागच्या जागी राहिले. भराभर दोन-तीनदा दाबल्यावर मात्र ते वर येत होते. आत हवा राहिली असली तरी असे होते आणि मागच्या चाकांच्या ड्रममध्ये लायनर (ड्रमला आतून घासणारा थर) व ड्रम यांच्यातले अंतर वाढले असले तरीही असेच होते, त्यामुळे एवढ्यावर थांबणारा माणूस पुन्हा हवाच काढत बसतो.

दोहोंतला भेद कळायला हॅन्डब्रेक पुरतो. तो चार खाचा ओढला आणि पेडल दाबले, तर पहिली मोकळी चाल जवळजवळ नाहीशी झाली. म्हणजे मागचे लायनर ड्रमपासून फार दूर बसले होते आणि पिस्टनला आधी ते अंतर कापावे लागत होते. ड्रम काढल्यावर दिसले की झीज होईल तसे अंतर आपोआप भरून काढणारी पाचर धुळीने आणि गंजाने जागीच चिकटली होती. ती साफ केली, मोकळी केली, आणि दोन बोटे चालीतले दीड बोट तिथेच परत मिळाले. खर्च काही नाही, फक्त एक ब्रश आणि अर्धा तास.

लोण्याचा भाग मात्र तसाच होता. यासाठी रबरी नळे चिमटीत धरण्याचे गोल तोंडाचे क्लॅम्प मिळतात. चारही चाकांचे नळे बंद केले तेव्हा पेडल वरच्या वर टणक झाले, त्यामुळे मास्टर सिलिंडरची आणि एबीएसच्या युनिटमध्ये अडकलेल्या हवेची शंका मिटली. मग एकेक क्लॅम्प सोडत गेलो, आणि पुढचे उजवे चाक उघडताच पाय मऊ जागेत गेला. (जाळीच्या नळ्यांवर हे क्लॅम्प लावू नयेत, आतला नळा चिरडतो, माझ्या मित्राचा सल्ला न ऐकल्याचा हा एक अनपेक्षित लाभ.) शेजाऱ्याच्या मुलाला आत बसवून पेडल दाबायला सांगितले आणि मी टॉर्च घेऊन चाकाशी पालथा पडलो. पॅड डिस्कला टेकले, आणि त्यानंतर संपूर्ण कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर आवळणारी पकड, एका बाजूला झुकला, एखाद्याने मान कलती करावी तसा. मुलाने पाय काढला की तो पुन्हा सरळ. पायाला जो लोण्याचा भाग लागत होता तो हा, समोर डोळ्यांना दिसत होता.

पॅड काढून व्हर्नियरने मोजला, तर एका टोकाला ७.१ मिलिमीटर आणि दुसऱ्या टोकाला ४.४; झीज तिरपी. या गाडीचा कॅलिपर दोन पिनांवर सरकतो आणि त्या पिना रबरी बुशांत बसतात. वरचे बुश फुगून इतके मऊ झाले होते की नखाने दाबले की दबत होते, आणि एका कडेला फाटलेले होते. याचे श्रेय माझेच आहे. दोन वर्षांपूर्वी पॅड बदलताना, पिना छान सरकाव्यात म्हणून मी त्यांना घरात पडलेले साधे, खनिज तेलाचे ग्रीस मोठ्या प्रेमाने लावले होते, आणि ब्रेकमधल्या रबराला ते विषासारखे असते. चाकाचे बेअरिंग हलवून पाहिले, डायल गेजने डिस्कचा डगमग मोजला, तो ०.०४ मिलिमीटर भरला. तिथे काही दोष नव्हता. दोन्ही बाजूंची बुश व पॅड नवे घातले, आणि पेडल आता वरच्या अर्ध्या बोटात पकडते.

तेव्हा ऑइलविषयी माझे मत असे आहे. ज्याचे पेडल थंड गाडीत घट्ट आहे आणि फक्त ट्रॅकवर तापल्यावर खाली जाते, त्याने दुसरा विचार न करता आरबीएफ ६०० घ्यावे. साध्या डॉट ४ च्या कितीतरी पट किंमत पडते, पण त्या सरळ पट्ट्याच्या टोकाला ती जास्त वाटत नाही. ज्याचे पेडल दारात उभ्या गाडीतही मऊ आहे त्याने आधी हॅन्डब्रेक ओढून पाहावे. फक्त शहरात आणि घाटात गाडी चालवणाऱ्याला याची गरज नाही. त्याने साधे ऑइल दर दोन वर्षांनी बदलले तरी पुष्कळ झाले.

दोन उणिवाही नोंदवतो. एकदा उघडलेली बाटली ठेवून उपयोग नाही, कारण झाकण कितीही घट्ट लावले तरी ओलावा शिरतोच, आणि अर्ध्या लिटरचेच माप असल्यामुळे फक्त चाकांजवळचे ऑइल बदलायचे असेल तेव्हा अर्धी बाटली वाया जाते. दुसरे म्हणजे ते किती काळ टिकले हे डोळ्यांना कळत नाही. रंग बराच काळ स्वच्छ राहतो. ओलावा दाखवणाऱ्या पेनासारख्या यंत्रावर माझा फारसा विश्वास नाही, ऑइल प्रत्यक्ष तापवून उत्कलनबिंदू मोजणारे यंत्र ज्याच्याकडे असेल त्याच्याकडे जावे. पावसाळ्यानंतर मी तसे करून घेतले, आकडा २४१ आला. पुढच्या ट्रॅक-डेसाठी नवी बाटली घेतली आहे, सील अजून फोडलेले नाही.