दोन शनिवार आणि एक लाल पेन : आयटी गव्हर्नन्स क्लासचा रिव्ह्यू

पुण्यात म्हात्रे पुलाजवळ एका क्लासमध्ये आयटी प्रोजेक्ट गव्हर्नन्सचं, म्हणजे प्रोजेक्टचे निर्णय कुणी आणि कसे घ्यायचे याचं, दोन शनिवारचं ट्रेनिंग केलं, जायच्या आधी शोधलं तर धड रिव्ह्यू कुठेच मिळाला नाही म्हणून लिहितोय. मी भोसरीत एका पार्ट्स बनवणाऱ्या कंपनीत आयटी बघतो, आमचं ईआरपी (खरेदी, स्टोअर्स, हिशोब सगळं एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर) नऊ महिन्यांत लाइव्ह होणार होतं, सध्या एकविसावा महिना चालूय. फी साहेबांनी भरली, स्वतःच्या खिशातून गेलो असतो का, माहीत नाही.

पहिल्या शनिवारची सकाळ वाया. कोबिट २०१९ म्हणजे कंपनीतलं आयटी कसं चालवावं याची एक चौकट, तिची ४० उद्दिष्टं स्लाइडवरून वाचून दाखवली, वाचता आम्हालाही येतं हो! त्यातली ५ गव्हर्नन्सची, ३५ मॅनेजमेंटची, म्हणजे वरच्यांनी पर्याय तोलायचे, दिशा द्यायची, लक्ष ठेवायचं आणि राबवायचं खालच्यांनी, एवढं सांगून मोकळं व्हायचं ना. जेवणानंतर निम्मी बॅच पेंगत होती तेवढ्यात सरांनी ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या सरकारी हॉस्पिटलांच्या पगाराच्या सिस्टिमची केस काढली. २०१० ला लाइव्ह केली आणि कुणाला पगार कमी, कुणाला जास्त, कुणाला आलाच नाही, मूळ करार साधारण ६२ लाख डॉलरचा आणि सगळं निस्तरायचा अंदाज गेला १२० कोटी डॉलरवर. टेस्टिंगमध्ये दोष दिसत होते तरी पास व्हायचे निकष सैल करून रेटलं पुढे. ऐकून माझ्या पोटात गोळाच आला, कारण गेल्या महिन्यात आमच्याकडेही चार ‘मेजर’ बग एका दुपारीत ‘मायनर’ झालेत, आणि मीटिंगमध्ये मीपण मान हलवलीय.

खरे पैसे वसूल झाले दुसऱ्या शनिवारी. सरांनी प्रत्येकाला आपापल्या स्टिअरिंग कमिटीचे (प्रोजेक्टवर देखरेख ठेवणाऱ्या वरच्या लोकांच्या समितीचे) मिनिट्स, म्हणजे मीटिंगच्या नोंदी, आणायला सांगितले होते. माझे सहा मीटिंगचे कागद घेतले, लाल पेन काढलं आणि ‘चर्चा झाली’ला गोल करत सुटले. सतरा गोल. ‘ठरलं’ एकदाच, तेही पुढच्या मीटिंगची तारीख! मग विचारलं, हे प्रोजेक्ट थांबवायचा अधिकार नेमका कुणाला आहे, एक नाव सांगा. मला सांगता येईना. प्रिन्स टू नावाच्या प्रोजेक्ट चालवायच्या पद्धतीत प्रोजेक्ट बोर्डावर तीन बाजू लागतात म्हणे, पैशाला जबाबदार असणारा, वापरणारा आणि करून देणारा. आमच्या कमिटीत अकरा जण आणि स्टोअर्समधला जो माणूस रोज जीआरएन (आलेल्या मालाची नोंद) टाकणार, तोच नाही. वर आमचा रिपोर्ट दर महिन्याला हिरवागार, म्हणजे सगळं ठीक, सर त्याला कलिंगड म्हणतात, कापलं की लाल.

सोमवारी साहेबांना तोच प्रश्न विचारला, तर म्हणाले थांबवायचंच कशाला. पण स्टोअर्सच्या काकांना पुढच्या मीटिंगला बोलवलंय, तेवढं तरी झालं.

नोट्सची झेरॉक्स फिकी, एसी डोक्यावर, चहा मात्र झकास. पाचपैकी साडेतीन. पहिल्या दिवशी उशिरा पोचलात तरी काही बिघडत नाही, मिनिट्स मात्र न्याच, आणि चारचाकी नेऊ नका, पार्किंग शोधण्यात माझा अर्धा तास गेला.