कर्ज फिटलं, विमा मात्र चालूच: मुदतीआधी पॉलिसी रद्द करण्याचा माझा अनुभव

पाच वर्षांचं कर्ज दोन वर्षांत फेडलं. बँकेनं कागदपत्रं परत केली, कर्ज फिटल्याचं पत्र दिलं, अभिनंदनही केलं. कर्जासोबत गळ्यात पडलेल्या विम्याबद्दल (कर्जदार दगावला तर उरलेलं कर्ज फेडणारा विमा) मात्र कोणी चकार शब्द काढला नाही. खरं सांगायचं तर मीही तो विसरले होते. पाच महिन्यांनी फाईल आवरताना तळाशी उलटा स्टेपल केलेला एक कागद निघाला. विमा प्रमाणपत्र, मुदत ६० महिने, हप्ता एकरकमी.

हा एकरकमी हप्ता मी खिशातून भरलाच नव्हता. तो कर्जाच्या रकमेतच मिळवला होता, त्यामुळे दोन वर्षं मी विम्याच्या हप्त्यावरही व्याज भरत होते. पॉलिसी हातात आल्यावर विचार बदलायला जे थोडे दिवस देतात, तेव्हा परत केली असती तर जवळजवळ सगळे पैसे मिळाले असते. सह्यांच्या घाईत तेवढं वाचतं कोण!

विमा कंपनीला फोन केला तर पलीकडून उत्तर आलं, "मॅडम, पॉलिसीधारक तुम्ही नाही, बँक आहे. तुम्ही फक्त सभासद." समूह विम्यात मूळ पॉलिसी बँकेच्या नावावर असते आणि कर्जदाराला प्रमाणपत्र मिळतं, हे मला तेव्हा कळलं. बँकेत गेले तर "तो विभाग वेगळा आहे." शेवटी अर्ज बँकेनंच घेतला. सोबत प्रमाणपत्र, कर्ज फिटल्याचं पत्र, ओळखपत्र आणि रद्द केलेला चेक. मी अर्जाची झेरॉक्स पुढे सरकवून तारखेसह शिक्का मागितला. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "अहो, त्याची काही गरज नसते." मी हलले नाही. त्यांनी जरा जोरातच शिक्का मारला.

घरी नवऱ्याचं म्हणणं वेगळं. "राहू दे की, पैसे भरलेच आहेत तर संरक्षण तरी राहील." त्याचं अगदीच चूक नव्हतं. कर्ज फिटलं की काही पॉलिसी आपोआप संपतात, माझी मुदत संपेपर्यंत चालणारी होती. पण तिची रक्कम दर महिन्याला घटत जाणारी, आणि माझा स्वतंत्र टर्म विमा आधीपासून आहे. तो नसता, किंवा मध्यंतरी तब्येतीचं काही निघालं असतं, तर मी रद्द केली नसती. नवा विमा महाग पडतो, कधी मिळतही नाही.

आता पैशांचं. ६० पैकी ३६ महिने उरले असताना कर्ज फिटलं, म्हणजे शंभरातले साठ रुपये परत, असा माझा सरळ हिशेब. कंपनीच्या पत्रात आकडा होता २५.४ टक्के. मी चिडून हिशेबाचा तक्ता मागवला. तो आला (याबद्दल त्यांचं कौतुक), आणि संध्याकाळभर कॅल्क्युलेटर घेऊन बसले. गंमत अशी की ६० महिन्यांना सारखा भाव नसतो. सुरुवातीला कर्ज मोठं, म्हणून कंपनीची जोखीमही मोठी. त्यामुळे पहिल्या महिन्याला ६० वाटे, दुसऱ्याला ५९, असं करत शेवटच्याला १. सगळ्यांची बेरीज १८३०. एका वर्षासाठी हीच बेरीज ७८ येते, म्हणून याला ७८ चा नियम म्हणतात. ३६ महिने उरले असताना शिल्लक वाटे ६६६, म्हणजे ३६.४ टक्के. मी पाच महिने झोपा काढल्यावर ३१ महिने उरले, वाटे ४९६, म्हणजे २७.१. हिशेब कर्ज फिटल्याच्या तारखेपासून होत नाही, अर्जाच्या तारखेपासून होतो. माझ्या विसराळूपणाची किंमत शंभरात नऊ रुपयांहून जास्त.

हा नियम अगदी निर्मळ आहे असंही नाही. सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचा वाटा नंतरच्यापेक्षा जास्त असतो, त्यामुळे कर्ज सरळ रेषेत उतरत नाही, आधी हळू आणि मग भरभर उतरतं. म्हणजे नंतरच्या महिन्यांतही जोखीम या वाट्यांपेक्षा जास्त उरते, आणि तेवढा परतावा आपल्याला कमी मिळतो. पण अटींच्या पानावर सूत्र छापलेलं होतं आणि खाली माझीच सही.

मग २५.४ कुठून आले? त्यांनी ३० महिने उरले असं धरलं होतं, वाटे ४६५. माझा अर्ज शाखेत तीन आठवडे पडून होता, आणि कंपनीनं तो त्यांच्याकडे पोचल्याचा दिवस मोजला. तेवढ्यात महिना पालटला होता. मी शिक्क्याची प्रत मेलनं पाठवली, सोबत दोन ओळी: अर्ज या तारखेला दिला, फरक द्यावा. वाद झाला नाही. नऊ दिवसांनी सुधारित पत्र आलं, २७.१. पैसे अर्जापासून ५३ व्या दिवशी खात्यात आले.

विमा कंपनीला पाचपैकी दोन तारे. एक तक्ता पाठवल्याबद्दल, एक चूक निमूटपणे सुधारल्याबद्दल. बँकेला शून्य, कारण कर्ज बंद करताना एक वाक्य बोलायला त्यांना काही पडलं नसतं.

दिराचं कर्ज पुढच्या महिन्यात फिटतंय. काल त्याला फाईल घेऊन समोर बसवलं. त्याच्याकडे एक नाही, दोन प्रमाणपत्रं निघाली.