त्र्वा व्हालेचा हंगामी पास: डिसेंबर ते एप्रिल वापरल्यावर

फ्रेंच आल्प्समधल्या त्र्वा व्हाले या स्कीइंगच्या प्रदेशाचा पास अख्खा हिवाळा वापरला. शेजारशेजारच्या खोऱ्यांतली कूरशव्हेल, मेरिबेल, ले मेन्युईर, व्हाल तोरांस ही गावं लिफ्टनी जोडलेली, सगळे मिळून सुमारे ६०० किलोमीटरचे उतार. नवशिक्यांनी या आकड्याला भुलू नये. हिरव्या-निळ्या, म्हणजे सोप्या उतारांवर सराव करायचा तर एका खोऱ्याचा पास पुष्कळ झाला. लाल, म्हणजे अवघड उतार न घाबरता जमू लागले की मोठ्या पासाचे पैसे वसूल होतात, आणि मग मात्र भरभरून होतात.

सगळ्यात जपायची ती परतीची वेळ. मेरिबेल मधल्या खोऱ्यात. त्यामुळे व्हाल तोरांसहून कूरशव्हेल गाठायचं तर दोन डोंगररांगा ओलांडाव्या लागतात. जोडणाऱ्या लिफ्ट ठरल्या वेळी बंद होतात, जोराचा वारा सुटला तर त्याआधीच. शेवटची चुकली की रस्त्यानं पार पायथ्याच्या मूतिए गावाच्या बाजूला खाली उतरून दुसरा घाट चढायचा. मी अडीचच्या सुमारास आपल्या खोऱ्याकडे वळतेच.

म्हणून मुक्कामाला मेरिबेल उत्तम, दोन्हीकडे जाता येतं. १९९२च्या हिवाळी ऑलिंपिकमधल्या महिलांच्या अल्पाइन स्की शर्यती इथंच झाल्या होत्या. व्हाल तोरांस २३०० मीटरवर, बर्फाची चिंता कमी. पण तिथं झाडं नाहीत. हिमवर्षाव सुरू झाला की आभाळ आणि जमीन एकच पांढरी होते, पुढे चढ आहे की उतार ते डोळ्यांना कळत नाही, गुडघ्यांना कळतं. अशा दिवशी सरळ खालचं, मेरिबेल किंवा कूरशव्हेलजवळच्या ला तानिया गावाचं जंगल गाठावं. झाडांमुळे निदान उताराचा अंदाज येतो.

मार्चअखेरीस बर्फाचं वेळापत्रकच वेगळं. सकाळी नऊला रात्री गोठलेला थर स्कीच्या कडेखाली खरखरतो, अकराला लोण्यासारखा मऊ होतो, दोननंतर इतका ओला की स्की अडकत राहते. तेव्हा ले मेन्युईरसमोरचा ला मास हा डोंगर गाठा. त्याचे उतार उत्तरेकडे तोंड करून आहेत, बर्फ जास्त वेळ टिकतो, आणि मुख्य वाटेपासून बाजूला असल्यानं गर्दीही कमी. मला हा सगळ्यात आवडला.

फेब्रुवारीतल्या फ्रेंच शाळांच्या सुट्ट्या शक्यतो टाळा. तेव्हाच जायचं असेल तर शनिवार धरा. त्या दिवशी आठवड्याचे पाहुणे बदलतात, त्यामुळे सगळी गर्दी घाटात आणि उतार मोकळे. फक्त शुक्रवारी रात्रीच वर पोचायला हवं.