नाना पेठेतील सुटे भाग : आठ महिन्यांनंतरचा अनुभव

माझी स्प्लेंडर प्लस २०१२ ची आहे, आणि गेले आठ महिने तिचे सुटे भाग मेस्त्रीवर न सोडता मी स्वतः पुण्याच्या नाना पेठेतून आणतो. ज्या दुकानाची मी सर्वांजवळ स्तुती करत असे, त्याच्याविषयी आज वेगळे लिहावे लागते आहे, ते मागच्या चाकाच्या ब्रेक लायनरमुळे (चाकातल्या गोल ड्रमला आतून घासून गाडी थांबवणारे भाग).

त्या दुकानात कितीही गर्दी असली तरी पाच मिनिटांत माल हातात पडे आणि छापील किमतीवर दहा टक्के सूट मिळे. क्लच केबल, एअर फिल्टर, प्लग सगळे व्यवस्थित निघाले. लायनर मागितले तेव्हाही काउंटरवरच्या मुलाने गाडीचे नाव ऐकताच खोका पुढे केला. गाडी कोणत्या सालची, हे मात्र विचारले नाही. हडपसरला मेस्त्रीने चाक उतरवले, तर लायनर ड्रममध्ये बसेचनात. माझ्या गाडीचा मागचा ड्रम ११० मिलिमीटरचा आहे. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना सीबीएस (दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लागण्याची सोय) किंवा एबीएस (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी सोय) सक्तीचे झाले आणि त्या बदलात स्प्लेंडरला मागेही १३० चा ड्रम आला. मला १३० चे लायनर दिले होते.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून बसने परत गेलो, तर ‘खोका फोडलाय, माल परत घेत नाही’ एवढेच उत्तर मिळाले. हाती पक्के बिल नव्हते, नुसता आकडा लिहिलेली चिठ्ठी होती. बिल न देणे आणि सदोष माल परत घेण्यास नकार देणे, या दोन्ही गोष्टी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरतात. माझे लायनर सदोष नव्हते, चुकीचे होते, आणि तेवढ्याच फटीतून दुकानदार निसटला. दहा टक्के सवलतीत वाचलेले बावीस रुपये मेस्त्रीच्या दुसऱ्या मजुरीतच संपले.

पलीकडच्या गल्लीतील एका दुकानातून पहिल्याच महिन्यात मी रागाने बाहेर पडलो होतो, कारण तेथील काकांनी ‘आरसी दाखवा, नाहीतर जुना पार्ट आणा’ असे सांगितले होते. तेव्हा ती मला अडवणूक वाटली; ते माझे मत मी मागे घेतो. यावेळी जुने लायनर घेऊन गेलो. काकांनी वर्तमानपत्रावर जुने आणि नवे पाठीला पाठ लावून ठेवले, कडेवरून अंगठा फिरवला, स्प्रिंगची भोके जुळवली आणि मगच बिलाचे पुस्तक ओढले. तेथे सूट पाच टक्केच मिळते आणि वेळ जातो, तरीही माझी आता काही तक्रार नाही. गेल्या महिन्यात रेक्टिफायर घेताना, इलेक्ट्रिकल माल परत होत नाही, हे त्यांनी पैसे घेण्याआधी सांगितले, तसे बिलावर लिहिले आणि विचारले, “गाडी २०१२ चीच ना?”