बाबांचा कलमाचा चाकू आणि सांबरशिंगाची मूठ

पैसे गेले चोवीसशे. तेवढ्यासाठी लिहायला बसलो नसतो. पण आमच्या वरुड-मोर्शी भागातल्या आणखी दोघांनी, मी जुना चाकू दुरुस्तीला दिला त्याच माणसाकडे, घरचे जुने चाकू पाठवल्याचं मध्यंतरी कळलं, आणि दोघंही माझ्यासारखेच तोंड मिटून बसले होते. का, ते खाली येतंच.

आमची संत्र्याच्या कलमांची लहानशी नर्सरी आहे. जंबेरी लिंबाच्या खुंटावर वीतभर उंचीवर टी आकाराचा काप द्यायचा, साल अलगद सोडवायची, संत्र्याच्या डोळकाडीवरून (डोळे असलेल्या काडीवरून) काढलेला डोळा, म्हणजे कोंब, आत सरकवायचा आणि वरून पट्टी बांधायची. या कामाला बाबांकडे एकच घडीचा चाकू होता. पात्याच्या बुडाशी तारा आणि क्रॉस, शेजारी ‘जोसेफ रॉजर्स, शेफील्ड’ असं ठोकलेलं; इंग्लंडातल्या शेफील्डची ही चाकूंची नावाजलेली कंपनी. या नावाच्या नकला इंग्रजांच्या काळापासून निघत आल्यात, तेव्हा अस्सलपणाचा तोरा मिरवत नाही. पण पात्याला पाणी होतं, म्हणजे पोलाद कडक होतं. सकाळी चामड्याच्या पट्ट्यावर चार हात मारले की जेवणाच्या सुट्टीपर्यंत बघायचं काम नाही. लिंबा-संत्र्याच्या रसाने पातं काळं-निळं पडलेलं. टोकाच्या बोटभर अलीकडे धारेला एक बारीक खोच होती. लहानपणी मी त्याने कुंपणाची तार कापायला गेलो होतो, त्याची आठवण. मार पाठीवर बसला, खोच चाकूवर राहिली.

बाबा गेल्यावर चाकू डब्यात पडून राहिला. काढला तेव्हा पातं खिळ्यात डुगडुगत होतं, मुठीची एक फळी तडकलेली, आतल्या खाचेत तांबडा गंज. पुतण्याने मोबाईलवर एका कारागिराचे व्हिडिओ दाखवले. गंजलेला चाकू घ्यायचा, ग्राइंडर, पॉलिश, आणि शेवटी आरशासारखं पातं. मलाही मोह झाला, खोटं कशाला बोलू?

माणूस गोड बोलायचा. बाबांची चौकशी केली, “वस्तू नाही काका, वारसा आहे हा,” म्हणाला. मग एकेक सुचवत गेला. बटन दाबलं की उघडेल असा खटका बसवून देतो म्हणाला. तो मी नाकारला. बाजाराच्या दिवशी पोलिसाने धरलं तर कलमाचा चाकू आहे म्हणून कोण ऐकणार? मग मुठीचं काढलं. “सांबरशिंगाची बसवू. तुम्ही मेळघाटाच्या बाजूचे, तुम्हाला काय सांगायचं!” मी हो म्हटलं. त्यावर म्हणाला, तेवढं मेसेजमध्ये लिहून पाठवा, म्हणजे ऑर्डर पक्की. मी माझ्या हाताने लिहिलं: ‘मला सांबरशिंगाचीच मूठ पाहिजे.’ हजार रुपये आगाऊ, उरलेले चौदाशे पार्सल निघण्याआधी.

दीड महिन्याने चाकू आला. दिसायला देखणा, पितळी पट्ट्या, पातं लखलखीत. आठ दिवस येईल-जाईल त्याला दाखवला. खोच गेली होती, पण घासून काढली असेल असंच वाटलं.

जानेवारीत डोळे बांधायला बसलो आणि दहा-बारा रोपांतच साल कापण्याऐवजी फाटायला लागली. नखावर धार ओढून पाहिली तर कड वाकलेली लागत होती. दगडावर लावली, पुन्हा तेच. शेवटी गावातल्या लोहाराकडे गेलो. त्याने काही न बोलता बारीक कानस घेतली आणि पात्याच्या पाठीवर एकदा ओढली. पाणी दिलेल्या पोलादावर कानस घसरते, करकरत नुसती वरून जाते. इथे तिने चावा घेतला आणि भुगा खाली पडला.

“भाऊ, याले पानीच नाई पाजेल. हे पातं नोहे, पत्रा हाय.”

मी फोन लावला. तो म्हणाला, पॉलिश करताना पातं तापतं, थोडंफार पाणी उतरतंच. हे अगदीच खोटं नाही. ग्राइंडरवर पोलाद निळं पडेपर्यंत तापलं की कडकपणा जातो, आणि निळेपणा पॉलिशने पुसताही येतो. म्हणून मी घरी लिंबू कापलं आणि अर्धं पातं रसात बुडवून ठेवलं. बाबांच्या पात्यावर रस राहिला तर पंधरा मिनिटांत काळी छटा धरायची. हे तासाभरानेही तसंच चकचकीत. पाणी उतरल्याने साधं पोलाद काही स्टेनलेस होत नाही. म्हणजे पातंच बदललं होतं. मग नाव भिंगातून पाहिलं. जुनं नाव ठशाने ठोकलेलं होतं, नखाला खड्डा लागायचा. हे वरवर कोरलेलं, नख सरळ सरकून जात होतं.

हे सगळं त्याला ऐकवलं तेव्हा त्याचा आवाज बदलला. “काका, तक्रार खुशाल करा. सांबरशिंग तुम्हीच मागितलंय, तुमचा मेसेज आहे माझ्याकडे.”

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सांबराच्या शिंगाचा व्यापार गुन्हा आहे. जंगलात आपोआप गळून पडलेलं शिंग असलं तरी सुटका नाही. आमच्या भागात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक, आणि मी साठीच्या घरात आलेला माणूस हौसेपोटी लेखी मागून बसलो होतो. पात्याची अदलाबदल ही नुसती चोरी झाली. खरी हुशारी त्या एका मेसेजात होती. दोन महिने मी घरातही कोणाला बोललो नाही. चाकू गोठ्यात कडब्याखाली लपवला, यावरून माझी अवस्था समजा.

शेवटी आमच्या सोयऱ्यांतल्या एकाला, जो वनखात्यात आहे, धीर करून सांगितलं. त्याने सुई तापवून मुठीच्या आतल्या बाजूला टेकवली. सुई लोण्यात जावी तशी आत गेली आणि बादली जळाल्यासारखा वास सुटला. शिंगात सुई अशी शिरत नाही, आणि वासही जळक्या हाडाचा येतो. “प्लास्टिक हाय भाऊजी,” तो हसत म्हणाला, “खरं असतं तर मलेच तुमच्यावर केस करा लागली असती.” फसवलो गेल्याचा इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.

त्यानंतर ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवली, आणि 1930 या सायबर फसवणुकीच्या नंबरवरही. पण 1930 चा उपयोग लगेच फोन केला तर. पैसे खात्यातच असले तर अडवता येतात. माझे केव्हाच पुढे गेले होते. दरम्यान पुतण्याने स्वतःच्या नंबरवरून गिऱ्हाईक बनून त्याला ‘जुनं शेफील्ड आहे का’ विचारलं. साडेसहा हजारांचा एक चाकू आला, शिसवी मुठीचा. फोटो मोठा करून पाहिला. टोकाच्या बोटभर अलीकडे खोच होती. तो फोटो तक्रारीला जोडलाय.

कोणाला घरचा चाकू बाहेर द्यायचाच असेल तर आधी खिळ्यापासून टोकापर्यंतचं माप मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा, सोनाराच्या काट्यावर वजन करा, आणि नावाच्या ठशाचा जवळून फोटो काढा. पात्याचं बूड मुठीच्या आत जातं, तिथे एक बारीक ठिपका मारून घ्या. पॉलिश तिथे सहसा पोचत नाही. काढलेली जुनी मूठ आणि खिळे परत मागा. आणि शिंगाचं नाव काढलं की फोन ठेवा. पण खरं सांगू, माझ्या चाकूला यातलं काहीच लागत नव्हतं. लोहाराने मला नंतर दाखवलं: गंजाला रात्रभर रॉकेल, मग बारीक पॉलिश पेपर हाताने, डुगडुगीला खिळ्याच्या डोक्यावर हलक्या हातोडीचे दोन-तीन ठोके, आणि काळी छटा तशीच ठेवायची, कारण तीच तांबड्या गंजाला आवर घालते. खर्च शंभराच्या आत.

तक्रारीचं अजून काही कळलेलं नाही. सध्या त्याच लोहाराने मोडक्या हॅकसॉ ब्लेडचं घासून दिलेलं पातं वापरतोय. मूठ म्हणजे सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली, घडी होत नाही, खिशात ठेवला तर शर्ट फाडतो. काल दोनशे डोळे बांधले.