जिन्याखालचं कपाट आणि ४० वॅटचा दिवा : पावसाळा ते उन्हाळा वापरून

आधी निकाल, मग बाकीचं. कोथिंबीर, पुदिना आणि मेथीसाठी कपाटातली ही एलईडी बाग झकास. मिरची येते, पण तिला जागा आणि धीर दोन्ही लागतात. टोमॅटोचं विचारूच नका. आणि भाजीचे पैसे वाचतील म्हणून कुणी घेणार असेल तर त्याने सरळ पिशवी उचलून बाजारात जावं.

आम्ही बेळगावात वडगावला तळमजल्यावर भाड्याने राहतो. ही पूर्वी कापड विणायच्या मागाची खोली होती. घराला घर चिकटलेलं, खिडकी बोळात उघडते, तिथं ऊन म्हणजे पाहुणाच. गच्ची मालकांची, कुंड्या ठेवल्या की स्लॅब गळणार अशी मालकीणकाकूंची पक्की समजूत, आणि ती अगदीच खोटी आहे असं मलाही म्हणता येत नाही. राहिलं जिन्याखालचं कपाट. दोन फूट रुंद, दीड फूट खोल, तीन फूट उंच. एवढ्यात काय होणार असं घरात सगळ्यांचं मत.

होतं. विशेषतः जून ते सप्टेंबर. इथला पाऊस लागला की आभाळ उघडायचं नाव घेत नाही, बाजारातली कोथिंबिरीची पेंडी चिखलाने माखलेली आणि दुसऱ्या दिवशी काळी पडलेली. त्या दिवसांत कपाट उघडून मूठभर ताजी पानं कापायची चैन दुसरी नाही. थंडीत मात्र बाजारात पेंड्यांचे ढीग लागतात, तेव्हा दिवा जाळण्यात अर्थ वाटत नाही.

सगळा खेळ दिव्याचा आहे. सुरुवातीला एका मित्राचा पडून असलेला जांभळा दिवा लावला होता. हरितद्रव्य लाल आणि निळा प्रकाश सगळ्यात जास्त शोषतं, म्हणून हे दिवे जांभळे करतात. पण हिरवा प्रकाशही फुकट जात नाही, तो वरच्या पानांतून झिरपून खालच्या पानांपर्यंत पोचतो. शिवाय जांभळ्या उजेडात पान पिवळं पडलंय की हिरवं आहे तेच कळत नाही. रोग दिसेपर्यंत रोप गेलेलं असतं. साधा पांढरा फुल स्पेक्ट्रम, म्हणजे सगळ्या रंगांचा प्रकाश देणारा, एलईडी घ्या. आणि पाकिटावरच्या वॅटवर अजिबात विश्वास ठेवू नका. त्या जांभळ्या दिव्याच्या पाकिटावर ६०० लिहिलं होतं, प्लगला लावायच्या मीटरवर ६० सुद्धा दिसेना. ‘प्रत्यक्ष किती वॅट ओढतो’ एवढं एकच विचारायचं. विक्रेता उत्तर टाळायला लागला की पुढच्या दुकानात जायचं. माझ्या तीन चौरस फुटांना खरे ४० वॅट पालेभाजीपुरते भरपूर होतात. दिवा रोपांच्या शेंड्यापासून साधारण फूटभर वर. आतल्या बाजूला स्वयंपाकघरातली चुरगळलेली फॉइल चिकटवण्यापेक्षा पांढरा मॅट रंग मारलेला बरा. तो उजेड सगळीकडे सारखा पसरवतो.

जांभळ्या दिव्याचा आणखी एक ताप. दाराच्या फटीतून तो उजेड संध्याकाळी बोळात पडायचा. शेजारच्या काकांनी एकदा चारचौघांत विचारलं, “काय गा, आत गांजाबिंजा लावलायस की काय?” सगळे हसले, मीही हसलो, पण ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हे. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम २० खाली विनापरवाना गांजाचं झाड लावणं हाच गुन्हा आहे. १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड. एकच कुंडी होती, घरातच होती, या सबबीला तिथं जागा नाही. मी दार सताड उघडून काकांना कोथिंबीर दाखवली. आता त्यांच्याकडे चहात आमचाच पुदिना पडतो. या सामानाची अर्धीअधिक जाहिरात मुळात परदेशातल्या त्याच पिकासाठी केलेली असते, हे तेव्हा लक्षात आलं. वास शोषून घेणारा कार्बन फिल्टर, चंदेरी तंबू, लपवायच्या युक्त्या. कोथिंबिरीचा वास घरभर सुटला तर कोण तक्रार करणार? फिल्टरचे पैसे वाचवा.

विजेचा हिशोब करून ठेवा. ४० वॅट रोज १४ तास म्हणजे ०.५६ युनिट, महिन्याला साधारण १७. आपल्याकडे २०२३ पासून गृहज्योती ही कर्नाटक सरकारची मोफत विजेची योजना आहे, पण ती सगळ्यांना सरसकट २०० युनिट फुकट देत नाही. साधारणपणे २०२२-२३ मधला तुमचा सरासरी वापर अधिक १० टक्के, एवढीच तुमची मर्यादा. सरासरी ९० असेल तर ९९. तुम्ही आधीच ९५ जाळत असाल तर दिव्याचे बहुतेक युनिट विकत पडणार, आणि २०० च्या वर गेलात तर अख्खं बिल भरायचं. आमचं अजून मर्यादेत बसतंय. घरात गीझर असणाऱ्यांनी मागची बिलं काढून बघावीत.

लाईट जाते तेव्हा टायमरची परीक्षा. चकतीवाला स्वस्त टायमर वीज गेली की तिथंच थांबतो, आली की तिथूनच पुढे. चार वेळा लाईट गेली की रोपांची सकाळ दुपारी उगवते. आत बॅटरी असलेला डिजिटल घ्या.

माती बाहेरची आणू नका, सोबत किडे येतात. कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाची, वीट भिजवून, दोनतीन पाण्यांनी धुऊन त्यातलं मीठ काढायचं आणि गांडूळ खत मिसळायचं. धने पायरीवर चपलेने हलकेच रगडून दोन फोडी करायच्या, रात्रभर भिजवायचे. मेथी चारपाच दिवसांत वर येते, कोथिंबीर आठवडा-दोन आठवडे घेते, तेवढ्यात कुंडी उकरून बघायचा मोह आवरायचा.

पावसाळ्यातला खरा शत्रू पाणी. बाहेर हवाच इतकी ओली की कुंडी दिवसेंदिवस सुकत नाही, आणि सवयीने पाणी घातलं की कोवळी रोपं बुंध्याशी काळी पडून कोलमडतात. बोट घालून वरचा थर कोरडा लागला तरच पाणी. चिलटं झाली तर पिवळे चिकट सापळे लावायचे, पण खरा उपाय तोच, कोरडं ठेवणं. पंखा हवाच. जुन्या कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा पंखा निकामी राऊटरच्या अडॅप्टरवर चालतो. अडॅप्टरवर १२ व्होल्ट लिहिलंय ना, तेवढं बघून घ्या.

एप्रिल-मेमध्ये उलटी कथा. बंद कपाट तापतं आणि कोथिंबीर पानं सोडून फुलावर यायची घाई करते. मी दिवा संध्याकाळी लावून सकाळी बंद होईल असा टायमर फिरवला आणि दिवसा दार उघडं ठेवलं. फरक पडला, पण पीक पावसाळ्याच्या निम्मंच.

मिरचीचं एवढंच सांगतो. फुलं आली, पण आत ना वारा ना माशी. रोज फांदी टिचकीने हलवल्यावर फळ धरलं. चव जवारी, तिखट, मस्त. पण त्या एका झाडाने जेवढी जागा अडवली तेवढ्यात मेथीचे तीन वाफे निघाले असते. ते झाड आता काकांच्या दारात उन्हात आहे.

पुदिना लावणार असाल तर रोप विकत आणू नका. बाजारच्या पेंडीतल्या चारदोन जाड काड्या खालची पानं काढून पेल्यात पाण्यात ठेवा, पाणी एक दिवसाआड बदला. मुळं फुटली की कुंडीत. पण त्याला वेगळीच कुंडी द्या, नाहीतर तो कोथिंबिरीला राहू देत नाही.