नागपूरचं पेट स्कॅन सेंटर: ५ पैकी ४ स्टार, त्यातला एक त्या पोट्ट्याचा

मागच्या आठवड्यात बाबाला घेऊन नागपूरला पेट स्कॅनला (PET, पोटाचा नाही; औषध टोचून कॅन्सर शरीरात कुठं आहे ते पाहायचा स्कॅन) गेलो. आम्ही दारव्ह्याकडचे, आठची वेळ दिली होती म्हणून पहाटे साडेतीनला गाडी करून निघालो, बाबा रातपासून उपाशी, अन् नंबर लागला साडेअकराला. कॅन्सरचा पेशंट बाकड्यावर कलंडलेला अन् काउंटरवर एकच उत्तर, औषध यायचं आहे. एक स्टार तिथंच कापला. नंतर समजलं की ते स्कॅनआधी टोचायचं औषध रेडिओॲक्टिव्ह असते, ११० मिनिटांत अर्धं होते, साठवून ठेवता येत नाही, गाडीला उशीर झाला की सगळ्यांनाच उशीर. कबूल, पण एक फोन करायला काय जाते बाप्पा?

बाकी मशीन, सफाई, रिपोर्ट सगळं ठीक. सुई टोचून तासभर गुपचूप बसवतात, मंग स्कॅन.

खरं सांगायचं ते टेक्निशियन पोट्ट्याबद्दल. बाबाला दुखण्यासाठी मॉर्फिनची गोळी चालू आहे, दर चार तासांनी. पण बुढा ऐकते कुठं, अफीम आहे म्हणून लपवून ठेवते अन् रातभर कण्हत बसते. गोळ्यांची यादी लिहून घेताना बाबानं त्यालाच विचारलं, "काहो भाऊ, हे अफीम डोक्यात कुठं जाऊन बसते ते दिसन का या मशिनीत?" मला वाटलं हासन. नाही हासला.

म्हणे काका, आज टोचलं ते साखरेसारखं आहे, शरीरात कुठं साखर जास्त जळते तेवढंच दिसन. अफीमची जागा पाहायची तर ट्रेसर, म्हणजे टोचायचं रेडिओॲक्टिव्ह औषध, वेगळा लागते; कार्बन-११ (रेडिओॲक्टिव्ह कार्बन) लावलेलं कार्फेंटानिल, अफीमच्याच जातीचं पण लय जहाल, तेही नखभराहून कमी. ते २० मिनिटांत अर्धं होते म्हणून बनवायची मशीन स्कॅनरला लागूनच पाहिजे, अन् हे काम संशोधनाचं, पेशंटसाठी कोणी करत नाही.

मंग बाबाला गोठ्याचं उदाहरण दिलं. मेंदूत अफीम जिथं जाऊन चिकटते ते रिसेप्टर म्हणजे खुंटे. ट्रेसर म्हणजे रंग लावलेले चार गोऱ्हे. खुंटे रिकामे असले की ते बांधल्या जातात अन् स्कॅनवर ती जागा चमकते. पण मॉर्फिननं आधीच खुंटे धरले असले तर रंगवाल्याला जागाच नाही, चमक कमी. जितकी चमक घटली तितके खुंटे औषधानं भरले. थॅलॅमस नावाच्या भागात खुंटे दाट, अन् डोक्याच्या मागं नजरेचं काम चालते तिथं जवळपास नाहीतच, म्हणून ती जागा कोरी धरून हिशेब लावतात. बाबा लगेच म्हणाला, "म्हणजे रिकामा खुंटा मोजाचा." आयुष्यभर बैल बांधले, त्याला काय सांगाव लागते!

१९८५ मध्येच अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जित्या माणसाच्या मेंदूत हे खुंटे पाहिले म्हणे. अन् २००५ मध्ये मिशिगनच्या लोकांनी दाखवलं की दुखताना नुसतं खोटं औषध दिलं, पण माणसाला खरं वाटलं, तरी मेंदू स्वतःचंच अफीमसारखं रसायन सोडते अन् खुंटे भरते. हे ऐकून बाबानं माझ्याकडं असं पाह्यलं, कारण मी त्याच्या अंगाऱ्यावर रोज बोलतो.

सवयीचं विचारलं तर म्हणे शरीराला सवय होणं वेगळं अन् व्यसन वेगळं, पण मनानं गोळी चालू-बंद करू नका, ते तुमच्या डॉक्टरला विचारा. दोन मिनिटांचं काम होतं, पंधरा मिनिटं दिली त्यानं. बाहेर लाइन होती तरी.

येताना वर्ध्याच्या पुढं बाबानंच विचारलं, "चार तास झाले का रे?" अन् गोळी मागून घेतली.

जाणाऱ्यांनी स्वेटर न्या, आत एसी लय जोरात आहे. स्कॅननंतर त्या दिवशी लहान लेकरं अन् गरोदर बाई यांच्यापासून दूर राहायला सांगतात, घरी बाबाचा नातू दारातच धावत आला, त्याला आवरताना नाकी नऊ आले.